रेनसूट उभ्याने बघू नका, गाडीवर बसून बघा

(रेनपँट उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरतो)

ही बघा. दिसतंय का? थांबा, अजून जवळ आणतो. ह्या इथे, बरोबर बूड टेकतं तिथे, चारही बाजूंनी शिवणी येऊन भेटतात. चौक आहे हा चौक. कापड एक नंबर, झिप एक नंबर, पोटरीवर रिफ्लेक्टर पण दिलाय, आणि सगळा पाऊस आत येतो तो ह्या एवढ्याशा चौकातून.

आपण नेहमी काय करतो, नवा रेनसूट घेतला की आरशासमोर उभं राहायचं, हात वर करायचे, मागून कसा दिसतोय बघायचं, बायकोला विचारायचं बरा आहे का, ती म्हणते अंतराळवीर दिसतोयस, झालं, पास. अहो पण पावसात आपण उभे कुठे असतो? बसलेलो असतो ना. गुडघे वाकलेले, हात पुढे, मान थोडी खाली, आणि पोट नि मांड्यांच्या मधे एक मस्त खोलगट जागा तयार झालेली असते जिथे पाणी साचतं. म्हणजे आपण आपल्या मांडीवर स्वतःचं एक तळं घेऊन फिरत असतो आणि त्या तळ्याच्या तळाला हा चौक असतो.

मागच्या आठवड्यातली गोष्ट, चाळीसेक मिनिटं सलग झोडपलं पावसाने. छाती कोरडी, पाठ कोरडी, मी मनातल्या मनात खूश, आणि मग अचानक ते जाणवलं, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, एक बारीक गार धार, नको तिथे. पाच मिनिटांत पंजाएवढा डाग. ऑफिसात पोचलो तर मीटिंग सुरू झालेली, सगळे बसलेले, मी आपला भिंतीला पाठ लावून उभा. एकजण म्हणाला अरे बस की, म्हटलं नको, कंबर धरलीये. तासभर उभा होतो हो.

तर घरी आल्यावर जरा हिशोब मांडून बघितला. रेनसूटच्या लेबलवर मिलीमीटरमधे आकडा असतो बघा, ५,००० किंवा १०,०००, तो म्हणजे काय तर त्या कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला की पाणी आरपार यायला लागतं. १०,००० मिलीमीटर म्हणजे १० मीटर पाणी. आता तुम्ही ताशी १०० किलोमीटरने चाललाय, समोरून वारा छातीवर आदळतोय, तर त्या वाऱ्याचा नुसता दाब किती? पाण्याच्या भाषेत जेमतेम ५ सेंटीमीटर! थेंब आपटतो त्याचा धक्का वेगळा, तो बराच मोठा असतो पण क्षणभराचा. आणि ७० किलोचा माणूस सीटवर बसला, तर बुडाखाली सरासरी दाब जवळपास ९० सेंटीमीटर पाण्याएवढा होतो, तोही सतत, राइड संपेपर्यंत. वाऱ्याच्या अठरा-वीसपट. तरीपण १० मीटरवालं कापड हे आरामात सोसतं हो, कापडाला काहीच होत नाही. सोसत नाही ती शिवण, कारण शिवण म्हणजे सुईने पाडलेली भोकं, एका ओळीत, शेकड्याने.

आणि ही भानगड आजची नाहीये. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉशने स्कॉटलंडमधे पहिल्यांदा दोन कापडांच्या मधे रबराचा थर दाबून वॉटरप्रूफ कापड काढलं, पेटंट घेतलं, आणि शिंप्यांनी त्याचे कोट शिवायला घेतले तर सुईच्या भोकांतून पाणी आत. दोनशे वर्षं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि मी मीटिंगमधे उभा.

उपाय आहे, शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते, सीम टेप म्हणतात. ही बघा, ही चकचकीत पट्टी, बोटभर रुंद. रेनसूट घेताना रंग बघायच्या आधी तो उलटा करा आणि ही पट्टी सगळ्या शिवणींवर आहे का बघा. बऱ्याच सूटमधे खांद्यावर असते, बाहीवर असते, आणि नेमकी चौकात एकावर एक चार थर येतात म्हणून तिथे नीट बसत नाही, दहा-बारा धुण्यांत कडा सुटते. माझी तशीच सुटली.

परवा असाच एका उड्डाणपुलाखाली थांबलो होतो, पाऊस असा की समोरची गाडी दिसेना. (पुलाखाली थांबायचं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा प्लीज, लेनमधे घोळका करून उभे राहतात लोक आणि मागून येणाऱ्याला घंटा दिसत नसतं.) तिथे आम्ही पाच-सहा जण, कोणी कोणाला ओळखत नाही, पण पावसात अडकलेले बाइकवाले म्हणजे लगेच नातलग. एक काका होते, जुनी कम्युटर बाइक, टाकीचा रंग उडालेला, अंगात जाड पीव्हीसीचा रेनकोट. एक मुलगा मोठ्या बाइकवर, नवंकोरं रायडिंग जॅकेट. आणि एक ताई स्कूटरवर, त्या सगळ्यांत शहाण्या निघाल्या, सांगतो पुढे.

विषय निघाला ग्लोव्ह्ज बाहीच्या आत का बाहेर. बास, पेटलं. मुलगा म्हणतो बाहेर, म्हणजे वारा आत शिरत नाही. काका म्हणाले, "बाळा, हात खाली करून बघ, पाणी कुठे वाहतं?" मुलाने हँडल धरल्यासारखे हात पुढे केले आणि खरंच, बाहीवरून ओघळ मनगटाकडे आला आणि सरळ ग्लोव्हच्या तोंडात. वाडग्यात ओततात तसा. पण काकांचं हँडल उंच, कोपर मनगटापेक्षा खाली, त्यांचं पाणी उलटं कोपराकडे उतरतं. म्हणजे दोघंही आपापल्या गाडीवर बरोबर असू शकतात, हे भांडण मिटणारच नाही कारण दोघांची बसण्याची पद्धत वेगळी. तुम्ही तुमच्या गाडीवर बसा, हँडल धरा, कोणालातरी खांद्यावर मगभर पाणी ओतायला सांगा. ओघळ मनगटाकडे जातोय तर ग्लोव्ह बाहीच्या आत, कोपराकडे येतोय तर बाहेर. बुटांचं मात्र भांडण नाही, पँट कायम बुटाच्या बाहेरूनच, नाहीतर बूट म्हणजे बादली.

मग काकांनी रेनकोट काढला तर शर्ट पाठीला चिकटलेला, ओलाकंच. मुलगा हसला, काका तुमचा तर गळतोय. काका म्हणाले गळत नाही रे, हा घाम आहे. आणि त्यांचं बरोबर होतं! पीव्हीसीतून पाणी आत येत नाही तसं बाहेरही जात नाही, आतली वाफ आतच. हे ओळखायचं कसं सांगतो, गळती एका जागेपासून सुरू होते, डागाला कडा असते आणि ती गार लागते. घाम पाठभर, छातीभर सारखा पसरतो आणि गरम असतो. कित्येक लोक चांगला रेनकोट गळका म्हणून टाकून देतात आणि तो बिचारा निर्दोष असतो.

ह्या वाफेसाठीच ते ब्रीदेबल मेंब्रेनवालं, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ पडद्याचं प्रकरण आलं. १९६९ मधे बॉब गोअर नावाच्या माणसाने पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं ते, गरम करून एकदम झटक्यात ताणलं, आणि त्याची अशी जाळी झाली की वाफेचा कण जातो पण पाण्याचा थेंब जात नाही. भारी शोध आहे, वाद नाही. पण लोक एक विसरतात, बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळून गेलं पाहिजे, त्यासाठी वरून एक कोटिंग असतं. ते झिजलं की बाहेरचं कापड पाणी पिऊन बसतं, जड होतं, आणि वाफेला बाहेर जायला वाटच राहत नाही. मग महागडं जॅकेट आतून काकांच्या पीव्हीसीसारखंच वागतं. तर त्याला सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका, आणि लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर हलकी उष्णता द्या, कोटिंग बरंचसं परत जागं होतं. आणि ओला रेनसूट घडी करून डिकीत कोंबू नका हो. पंधरा दिवसांनी उघडता तेव्हा जो वास येतो तो सोडा, आतला थर सापाच्या कातीसारखा सुटायला लागतो.

आता मुलाचं जॅकेट भारी होतं पण गळ्यात बांधला होता सुती रुमाल. अर्धा कॉलरच्या बाहेर, अर्धा आत. दिव्याची वात तेल ओढते तसा तो रुमाल पाणी ओढत होता, बाहेरून आत, बनियनपर्यंत! जॅकेट काय करणार. सुती काहीही, टीशर्टची कॉलर, बाहीचं टोक, बाहेर डोकावू द्यायचं नाही. आणि हूड हेल्मेटखाली कोंबू नका, मान वळवताना अडतं, आणि हेल्मेटवरून घेतलं तर वाऱ्याने फुगतं.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची ती सैल, बिनबाह्यांची झूल. पोंचोबद्दल मी फार प्रेमाने बोलू शकत नाही. चालायला छान, सायकलला चालेल कदाचित, बाइकवर नको. वाऱ्याने उडून व्हायझरवर, म्हणजे हेल्मेटच्या काचेवर येतो, चेनमधे किंवा मागच्या चाकात टोक गेलं की पुढचं मला बोलायचं नाहीये. मागे बसणाऱ्याचा पण बघा, त्याचं टोक तुम्हाला दिसत पण नसतं.

हां, त्या ताई. पाऊस वाढला तसं त्यांनी स्कूटरची डिकी उघडली, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या, बुटांवर चढवल्या आणि रेनपँट सर्रकन घातली. वीस सेकंद. आम्ही सगळे एका पायावर नाचत, बुटाची टाच आत अडकलेली, खांबाला धरून. पिशवी घसरते ना, म्हणून बूट अडकत नाही. पँट चढल्यावर पिशव्या काढून परत डिकीत. त्याच डिकीत सुके मोजे, एक छोटा टॉवेल, मोबाइल झिपवाल्या पाऊचमधे. मी विचारलं ताई कधीपासून चालवताय, म्हणाल्या मुलगी पाळणाघरात होती तेव्हापासून, आता ती कॉलेजात आहे. रोज दोन्ही वेळ. कुठला व्हिडिओ बघून शिकल्या नाहीत त्या, रोज भिजून शिकल्या.

व्हायझरचं पटकन सांगतो. आतून धुकं येतं ते तुमच्या श्वासाचं, काच थंड म्हणून. एक खाच उघडी ठेवा, किंवा आतून दुसरी पातळ काच बसते ती पिनलॉक लावा, मधल्या हवेमुळे आतली काच गार पडत नाही, हा खर्च मी डोळे झाकून करीन. ओरखडे पडलेला व्हायझर पावसात रात्री म्हणजे समोरच्या प्रत्येक दिव्याला हजार किरणं फुटतात, बदला तो.

रस्त्याचं तुम्हाला माहितीये, तरी. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, धूळ आणि तेल पाण्यात कालवून रस्त्यावर पसरलेलं असतं, जोराचा पाऊस नंतर ते धुऊन नेतो. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, पुलाच्या लोखंडी पट्ट्या, ह्यांच्यावर गाडी सरळ ठेवायची, ब्रेक नाही, झुकणं नाही. आणि डबक्याखाली खड्डा आहे असंच धरून चालायचं. ड्रम ब्रेक असेल आणि पाण्यातून गेलात तर बाहेर आल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं चाला, आतलं पाणी सुकतं, नाहीतर गरज पडेल तेव्हा लिव्हर दाबाल आणि गाडी म्हणेल कोण तुम्ही?

काकांची चेन कुरकुरत होती, पावसाने वंगण धुऊन गेलेलं. ते म्हणाले घरी गेल्यावर आधी चेनला तेल, मग मला जेवण. पाऊस जरा कमी झाला, त्यांनी तोच ओला शर्ट, तोच पीव्हीसी चढवला, किक मारली, गेले. आम्ही अजून झिप लावतोय.

तर आता ही पँट. काल रात्री मी चौकात आतून नवीन टेप लावली, वरून सीम सीलरची, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणाऱ्या चिकट द्रवाची ट्यूब फिरवली, रात्रभर वाळवली. आता टेस्ट. बाथरूममधे स्टूल ठेवलंय, आत टिश्यू पेपर लावलेत चार ठिकाणी, दहा मिनिटं शॉवर चालू, मी गाडीवर बसल्यासारखा बसणार. हेल्मेट कशाला घातलंय असं बायको विचारतेय. पोझिशन, अगं, पोझिशन!

(कट. ओला, पँट हातात, टिश्यू कॅमेऱ्यासमोर)

बरं. उजवा, कोरडा. मागचा, कोरडा. पुढचा, कोरडा, हात लावून बघा म्हटलं असतं. आणि हा डावा.

हा डावा ओला आहे. थांबा, बघू… डाग छोटा आहे, गार आहे, कडा आहे. घाम नाहीये हा. ती ट्यूब कुठे ठेवली मी?