तलावाच्या टाइलवरचे डाग

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळा सुरू झाला की गृहसंकुलांतल्या जलतरण तलावांवर मुलांची झुंबड उडते आणि त्याच सुमारास पाण्याच्या रेषेवरच्या निळ्या टाइल पांढुरक्या पडल्याची तक्रारही ऐकू येऊ लागते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात जातो तो ॲसिडच्या कॅनकडे. माझे कळकळीचे सांगणे आहे की डाग कशाचा आहे हे कळेपर्यंत त्या कॅनचे झाकण उघडू नये, कारण ते ॲसिड क्षाराबरोबर टाइलमधले सिमेंटचे सांधेही खाऊन टाकते.

पुणे परिसरातले अनेक तलाव बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भरतात आणि हे पाणी बरेचदा जड असते. पाण्याची वाफ होते, त्यातला चुना मात्र काठाच्या टाइलवर थराथराने बसत जातो. त्यातच जंतुनाशक म्हणून ब्लीचिंग पावडर वापरली, तर पाण्यातले कॅल्शियमही वाढते आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे हे सांगणारा आकडाही. पीएच ७.८ च्या पुढे गेला की थर झपाट्याने धरतो, तो ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखला, तर निम्मे काम आपोआप वाचते. पाणी चुन्याचा थर साठवील की उलट सांध्यातला चुना विरघळवून नेईल, हे काढण्याचे गणित विल्फ्रेड लँगेलियर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९३६ मध्ये नळाच्या पाण्यासाठी मांडले होते आणि तलावांची देखभाल करणारे आजही त्याचाच आधार घेतात.

पांढऱ्या थरावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले, तर तो चुना. मग पाणी वीतभर उतरवून, लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून नायलॉनच्या ब्रशाने लावावे आणि काही मिनिटांत स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. तारेचा ब्रश मुळीच वापरू नये. त्याचे तुटलेले तुकडे तळाशी राहून गंजतात आणि नवे तांबूस डाग पाडतात. थर बोटाला चिकट लागत असेल, तर मात्र तो चुना नसून केसांचे खोबरेल आणि अंगाला लावलेली क्रीम असते. त्याला खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट पुरते.

तळावरच्या डागांची ओळख पटवायला मला सर्वांत आवडणारी युक्ती अगदी साधी आहे. क जीवनसत्त्वाची पांढरी गोळी घेऊन पाण्याखालच्या तपकिरी डागावर अर्धा मिनिट चोळायची. शिडीच्या पायाजवळच्या एका डागावर मी ती चोळली, तेव्हा गोळी फिरली तेवढीच जागा उजळली. तो डाग लोखंडाचा होता. गोळीने फरक पडला नाही आणि क्लोरीनने डाग फिका झाला, तर तो बहुधा पानांचा किंवा शेवाळाचा समजावा. निळसर-हिरवा डाग बहुधा तांब्याचा असतो आणि शेवाळ मारण्यासाठी वारेमाप टाकलेल्या मोरचुदाकडे बोट दाखवतो. लोखंडाच्या डागावर उपचार करताना आधी क्लोरीन उतरू द्यावे, नाहीतर ते उपचाराचे क जीवनसत्त्वच खाऊन टाकते.

सगळा थर निघूनही टाइल निस्तेजच राहिली, तर ती सुकवून तिच्यावरून नख फिरवावे. खरखरीत लागली, तर वरची झिलई गेलेली असते आणि ती कोणत्याही रसायनाने परत येत नाही. एका संकुलात आधीच्या कामगारांनी वर्षानुवर्षे तीव्र ॲसिड ओतले होते. सांधे इतके खोल गेले होते की त्यांत नाणे उभे राहत होते. तिथे सांधे नव्याने भरणे आणि झिजलेल्या टाइल बदलणे एवढाच मार्ग उरला.

ॲसिड वापरावेच लागले, तर हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्यात ॲसिड ओतावे. ॲसिडमध्ये पाणी कदापि ओतू नये. क्लोरीनच्या डब्याजवळ ते ठेवूही नये, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. आणि पावसाळ्यात, जमिनीत पाणी वर आलेले असताना, सफाईसाठी तलाव पूर्ण रिकामा करू नये; खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने तळच उचलला जाऊ शकतो. अशा दिवसांत काठाची वीतभर पट्टीच साफ करावी आणि तळाचे काम दिवाळीनंतर, भूजल उतरल्यावर हाती घ्यावे.