सोडून आलो, आता राखायचं कुणी?

मित्रहो, ऑनलाइन गप्पांचा जुना प्लॅटफॉर्म का सोडला यावर इथे बसलेला प्रत्येक जण तासभर बोलू शकेल. मालक बदलला, फुकटचं विकतचं झालं, तक्रारीला उत्तर येईना. कारणं खरी असतात. पण नव्या जागेत सुरुवातीला जो उत्साह दिसतो, तो बहुतेक त्या रागाचाच असतो. नव्याचे नऊ दिवस सरले की जुन्या मालकाला शिव्या घालून झाल्यावर एकमेकांशी बोलायचं काय, हा प्रश्न येतोच.

आणि कोण सोबत आलं, यावर बरंच अवलंबून असतं. 2015 मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटने काही समूह बंद केले, तेव्हा तिथली बरीच मंडळी व्होट नावाच्या साइटवर गेली. इथे काहीही बोला, हीच तिची ख्याती. जिथे सर्वात आधी हाकललेले लोक येऊन बसतात, तिथे साधा माणूस डोकावतो आणि परत फिरतो. चालकाने शेवटी पदरमोड करून काही महिने ढकलले. 25 डिसेंबर 2020 ला साइट बंद झाली.

याच्या उलट फ्रीनोड. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं ते जुनं गप्पांचं नेटवर्क. ताबा कुणाचा यावरून वाद पेटला आणि मे 2021 मध्ये ते चालवणारे स्वयंसेवक एकगठ्ठा बाहेर पडले. लगेच त्यांचं लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं राहिलं. पुढच्या आठवड्यात फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनी, ज्या चॅनलच्या, म्हणजे गप्पांच्या खोलीच्या, माथ्यावर लिबेराचा नुसता उल्लेख होता, अशी शेकडो चॅनल ताब्यात घेतली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हटल्यावर जे रेंगाळत होते तेही निघाले. पण लिबेरा टिकलं ते, माझ्या मते, समोरच्याच्या चुकीमुळे नव्हे. वर्षानुवर्षं राखण केलेले हात सोबत आले होते, आणि त्यांनी स्वीडनमध्ये रीतसर ना-नफा संस्था काढली. उद्या कुणी एकाने विकायचं म्हटलं तरी विकता येऊ नये, ही तजवीज पहिल्याच टप्प्यात केली.

आता मॉडरेशन, म्हणजे गप्पांवरची देखरेख. नवा सर्व्हर उभारणारा तंत्रज्ञ हमखास म्हणतो, ‘मी मशीन बघतो, भांडणं तुमची तुम्ही मिटवा.’ हा प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे. लॅम्डामू नावाच्या आभासी जगात डिसेंबर 1992 मध्ये त्याचे संस्थापक पाव्हेल कर्टिस यांनी नेमकं हेच जाहीर केलं: चालक फक्त तांत्रिक काम करतील. पुढे सभासदांच्या मतदानाची पद्धत आली, लवादही नेमले गेले. 1996 मध्ये चालकांनी ‘फक्त तांत्रिक काम’ ही भूमिका मागे घेतली. खातं बंद करण्याचं बटण तांत्रिक असतं. ते दाबायचं की नाही, हे कधीच तांत्रिक नसतं.

प्रत्यक्षात काम कसं येतं ते पाहा. रात्री रिपोर्ट येतो: ‘याला काढा.’ कारण लिहिलेलं नाही. उघडावं तर वाक्य तसं सौम्यच. मग संवाद वर सरकवत जायचं. वीसेक संदेश मागे गेल्यावर दिसतं की तक्रारदारानेच पहिली खोडी काढली होती, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आपला सर्वात जुना, सर्वात उपयोगी सभासद. खरी परीक्षा इथे. आपला तो बाब्या असा न्याय एकदा दिला की नवखे ते लगेच ओळखतात. बोलत कुणीच नाही, नुसते कमी होतात. अशा वेळी ‘नियम 3 चा भंग’ एवढंच कळवून भागत नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदातलं त्यांच्या नोकरीवरचं वाक्य काढा, बाकी मजकूर जसाच्या तसा परत टाका,’ असं लिहावं लागतं. आणि खोडी काढणाऱ्यालाही तितकंच स्पष्ट.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी चराऊ रानं, पाटाचं पाणी, मासेमारी सामाईकपणे राखणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना आढळलं की पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, पुन्हा केलं तर वाढत जाते; आणि राखणदार वापरणाऱ्यांना उत्तरदायी असतो. आमच्याकडे मात्र आठवडाभर दुर्लक्ष आणि मग थेट बॅन.

ही सगळी कामं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या, हेही मान्य करू. जून 2023 मध्ये रेडिट सोडून लोकांचा लोंढा आला, तेव्हा बीहॉ या छोट्या सर्व्हरने दोन मोठ्या सर्व्हरांशी जोडणीच तोडली. हे सगळे लेमीचे, म्हणजे रेडिटसारख्याच पण एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यातले. तिथे कुणीही क्षणात खातं उघडू शकत होतं, आणि इकडे निस्तरायला मोजके चार जण. बऱ्याच जणांना तो शिष्टपणा वाटला. मला तो शहाणपणा वाटतो. दार किती उघडायचं हे आत किती जण जागे आहेत त्यावर ठरावं.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली आहे: सुरुवात कुठून करू? चाव्यांपासून करा. डोमेनचं नाव, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या खात्यावर आहे, सर्व्हरचं बिल कुणाच्या कार्डावर जातं, बॅकअप कुणाकडे आहे. तिन्ही उत्तरं एकाच माणसाचं नाव सांगत असतील, तर या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी पासवर्ड द्या आणि बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं राहतं का, ते त्यालाच करून पाहू द्या. नियम लिहायला त्यानंतर बसा.