स्वस्तातली परदेशी एअर रायफल घ्यावी का?

श्रोतेहो, नमस्कार.

घरातली लेक एक दिवस शाळेतून येते आणि म्हणते, "मला शूटिंग शिकायचंय." कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रेल्वेची नोकरी सांभाळून, बालेवाडीत सराव करून २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून पुण्यात हे वाक्य फार घरांत ऐकू येतं. मग आई-बाबा किमती पाहतात आणि गप्प होतात. दहा मीटरची नावाजलेली जर्मन किंवा ऑस्ट्रियन एअर रायफल लाखांच्या घरात जाते. तेवढ्या पैशांत स्वस्तातल्या परदेशी रायफली चार-पाच येतील. नळी तीच ४.५ मिलिमीटरची, हवा तीच, छर्रा तोच. मग एवढे पैसे कशाचे?

परवान्याचं आधी सांगते. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल, तर आपल्याकडे एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद जेमतेम ८ ज्यूल असते.

आता पैसे कशाचे, ते समजायला आपण टोकियो ऑलिंपिकला जाऊ. २५ जुलै २०२१, असाका शूटिंग रेंज, महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं. म्हणजे एका गोळीला सव्वा मिनिट. तेवढ्या वेळात छर्रा भरायचा, हात उचलायचा, श्वास सोडायचा, चाप दाबायचा, हात खाली आणायचा. भारताची एकोणीस वर्षांची मनू भाकर उभी आहे. पहिली दहा गोळ्यांची मालिका शंभरपैकी ९८ गुणांची. अशीच चालली तर अंतिम फेरी नक्की.

सोळा गोळ्या झाल्या आणि पिस्तूल बंद पडलं.

तुटली होती कॉकिंग लिव्हर. एअर पिस्तूल जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक गोळीआधी ही छोटी दांडी उघडायची असते. ती उघडली की नळीचं मागचं तोंड मोकळं होतं, तिथे अंगठ्यानं छर्रा बसवायचा. त्याच हालचालीत आतली यंत्रणाही ताणली जाते. दांडी मिटली की पिस्तूल तयार. साठ गोळ्यांच्या फेरीत ती साठ वेळा उघडते आणि मिटते. सराव धरला तर वर्षाला हजारो वेळा. लिव्हर तुटली की पिस्तुलात हवा आहे, नळी सरळ आहे, चाप ठीक आहे, आणि तरीही गोळी सुटत नाही.

आणि नीट लक्षात घ्या, हे पिस्तूल स्वस्तातलं नव्हतं. जगातले अव्वल नेमबाज ज्या दर्जाचं वापरतात, त्या दर्जाचं होतं. महागाचंही तुटतं. पुन्हा सांगते, महागाचंही तुटतं.

तुम्ही म्हणाल, दुसरं पिस्तूल हातात घ्यायचं. पण पिस्तुलाची लाकडी ग्रिप त्या एका हातासाठी तासलेली असते. तळव्याच्या उंचवट्यापाशी थोडं लाकूड कमी, करंगळीपाशी थोडं जास्त. चापाचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं असा नियम आहे, पण ते ५०५ वर सुटतं की ५२० वर, हे बोटाला पाठ असतं. साइट म्हणजे नेम धरायची खूण, ती क्लिक-क्लिक करत सरकवून जुळवायची असते; तिचे क्लिकही वेगळे. दुसऱ्या पिस्तुलाशी हाताची ओळख पटवायला गोळ्या लागतात आणि गोळ्यांना वेळ लागतो. भिंतीवरचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून पिस्तूल घेऊन मनू दुरुस्तीला गेली.

पंधरा-वीस मिनिटं गेली. ती परत येऊन उभी राहिली तेव्हा चव्वेचाळीस गोळ्या उरल्या होत्या आणि हातात चाळीस मिनिटंही नव्हती. एका गोळीला पन्नास-बावन्न सेकंद. पुढचे आकडे ऐका. दुसरी मालिका ९५, तिसरी ९४, मग ९५, मग ९८, आणि शेवटची पुन्हा ९५. एकूण ५७५. बारावा क्रमांक. आठवी आलेली खेळाडू होती ५७७ वर. दोन गुणांनी अंतिम फेरी गेली.

पाचव्या मालिकेतले ते ९८ माझ्या मते आपल्या नेमबाजीतल्या सर्वांत मोठ्या कामगिऱ्यांपैकी आहेत. त्यांना पदक नाही, म्हणून त्यांची आठवण कुणी काढत नाही. आपल्या शाळांमध्ये पदकांच्या पाट्या लागतात, अशा मालिकांच्याही लागायला हव्यात. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ ला, त्याच प्रकारात मनूनं कांस्य घेतलं. ऑलिंपिक नेमबाजीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर दुसरं कांस्य. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता परत आपल्या खरेदीकडे. टोकियोत तुटलेला भाग बदलता आला, कारण त्या प्रकारच्या पिस्तुलाचे सुटे भाग मिळतात आणि ते कसे बसवायचे हे जाणणारी माणसं असतात. महाग रायफलीचे पैसे मुख्यतः दोन गोष्टींचे: दरवेळी तेच वागणं, आणि तुटलं तर भाग मिळणं. स्वस्तातल्या परदेशी मालात अडचण इथे येते. आणणारा व्यापारी पुढच्या वर्षी दुसरंच मॉडेल आणतो, आणि आधीच्याची एक ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, शोधत तुम्ही रविवार पेठ पालथी घालता.

म्हणून दुकानात पैसे देण्याआधी चार गोष्टी करून पाहा.

पहिली, नळी. रायफल शिकंजात घट्ट धरून दहा मीटरवरून एकाच डब्यातले पाच छर्रे मारायचे. छर्रा चपट्या तोंडाचा हवा, वजन साधारण ०.५३ ग्रॅम. पाचांचं मिळून एकच भोक पडायला हवं, हिरव्या वाटाण्याएवढं. शर्टाच्या बटणापेक्षा मोठं पडलं तर ती नळी स्पर्धेची नाही. मग छर्रा बदलून पाहा: ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतो, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. स्वस्त मालात एकाच मॉडेलच्या दोन नळ्या दोन तऱ्हांनी वागतात, म्हणून मित्राची चांगली निघाली एवढ्यावर आपली घेऊ नका. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेन टेकवल्यावर उमटेल तेवढा. नळीच इकडे-तिकडे टाकत असेल तर मुलीला कळणारच नाही की चूक तिची की रायफलीची. सहा महिने ती स्वतःलाच दोष देते, आणि मग खेळ सोडते.

दुसरी, साइट. दहा क्लिक उजवीकडे, दहा क्लिक परत डावीकडे, आणि पुन्हा पाच छर्रे. भोक पहिल्याच जागी पडलं पाहिजे. स्वस्त साइटमध्ये आट्यांना ढिलाई असते, ती परत येत नाही.

तिसरी, हवा. रायफलीचा हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरा (बार हे दाबाचं माप), काट्याचा आकडा लिहून ठेवा, चोवीस तासांनी पाहा. गरम झालेली हवा थंडावते, म्हणून थोडा उतरेल. बराच उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा जागा दाखवतो. पावसाळ्यात हातपंपानं भरताना दमट हवा आत जाते आणि आतून गंज धरते. क्लबातल्या कोरड्या हवेच्या मोठ्या सिलिंडरवरून, हळूहळू भरलेलं बरं.

चौथी, दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणारा मागचा भाग. गालाची पट्टी आणि खांद्याची पट्टी वर-खाली होते का? तेरा वर्षांचं मूल वर्षभरात वाढतं. दस्ता वाढला नाही तर मान वाकडी करून नेम धरण्याची सवय लागते, आणि ती सवय मोडता मोडत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग मात्र पाहू नका. 'सेकंदाला हजार फूट' हे स्पर्धेसाठी निरुपयोगी आहे. चांगल्या मॅच रायफलीचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचा, छर्रा साडेपाचशे-पावणेसहाशे फुटांनी जातो. ध्वनीच्या वेगाजवळ गेला की चपटा छर्रा डगमगतो. आणि वेगाच्या जाहिराती वाचून घेतलेली रायफल गच्चीवर जाते, कबुतरांवर रोखली जाते. हे मला अजिबात मान्य नाही. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा माणसावर रोखू नये, ही सवय घरातच लागायला हवी.

मग घ्यावी का? पहिलं वर्ष क्लबाचीच रायफल वापरा. पैसे छर्ऱ्यांवर आणि प्रशिक्षणावर घाला. घरी नुसतं धरण्याचा सराव करायचा असेल आणि वरच्या चारही कसोट्यांना रायफल उतरली, तर स्वस्तातली चालेल. स्पर्धेसाठी घ्यायची असेल तर नव्या स्वस्तापेक्षा जुनी नावाजलेली घ्या. मोठी झालेली मुलं विकतात, आणि पुढे तुम्हालाही ती बऱ्या भावात विकता येते.

फक्त जुनी घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. या सिलिंडरांना साधारण दहा वर्षांची मुदत असते, आणि मुदतीची जबाबदारी खेळाडूची. तारीख उलटून गेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारा, ती सौद्यातून वजा करा, आणि मगच पैसे द्या. छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुवा, ते शिशाचे असतात.

नमस्कार.