खर्च येतो, पण आणतं कोण?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, मागे ऐकू येतंय ना? येतंय. बरं. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव छापलंय ‘पैशाच्या शब्दांच्या जन्मकथा’. मी कार्यवाहांना दिलेलं नाव वेगळं होतं, ‘खर्चाच्या वाक्यात कर्ता कुठे असतो’, पण ते म्हणाले की व्याकरण म्हटल्यावर कोण येणार नाही, जन्मकथा म्हणा, लोकांना आवडतं. म्हटलं ठीक आहे, दोन्ही सांगतो. चाळीस मिनिटं दिली होती त्यातली दहा दीपप्रज्वलनात गेली कारण समई होती, तेल होतं, वात होती, काडेपेटी नव्हती. मग एका पोराला खाली पाठवून काडेपेटी आणली. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की ही काडेपेटी आता कुठल्या हेडला, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदराखाली, टाकणार. (हशा) हसू नका, पुढे येणार आहे ते.

तर जन्मकथा. ‘खर्च’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि फारसीत अरबीतून. अरबीत त्याचं मूळ आहे बाहेर जाणं, बाहेर पडणं. कोर्टात दावा ‘खारीज’ होतो ना, त्यातलं खारीज ते ह्याचंच सख्खं भावंड, खारीज म्हणजे बाहेर काढलेला. आणि ‘जमा’ म्हणजे गोळा होणं. त्याच कुटुंबात जमाव आहे, जमात आहे, शुक्रवारचा जुम्मा आहे कारण त्या दिवशी लोक एकत्र जमतात, आणि आपले मुजुमदार पण तिथलेच, मजमूदार, जमाखर्च बघणारे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य केला, सुरनीसाचा, म्हणजे सरकारी पत्रं बघणाऱ्याचा, सचिव केला, फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पण खर्च काही हलला नाही बघा. साडेतीनशे वर्षं झाली, ‘व्यय’ सरकारी कागदात आणि पंचांगात राहिला आणि घरात खर्चच चालतो. गंमत म्हणजे व्यय म्हणजे तरी काय? वि अधिक इ, लांब जाणं. आय म्हणजे येणं. आमदनी, फारसीत आमदन म्हणजे येणं. वसूल, अरबीत पोचणं. म्हणजे संस्कृतवाला, अरबीवाला, फारसीवाला, सगळ्यांनी पैसा असा बघितलाय जसा दारातून येणाजाणारा माणूस. आला, पोचला, बसला थोडा वेळ, गेला.

आणि आपण मराठी लोक काय म्हणतो? ‘खर्च आला’. जो शब्द मुळात बाहेर जाणारा आहे तो आपल्याकडे येतो. लग्नाला किती खर्च आला हो? दहा लाख आला. कुठून आला? (हशा) ही माझी खरी तक्रार आहे, आजचं सगळं भाषण ह्या एका वाक्यावर आहे.

‘किंमत’ पण घ्या. हा अरबीच, आणि मूळ आहे उभं राहणं. कायम, मुक्काम, कौम, कयामत, सगळी ह्याच घरातली. वस्तू बाजारात जिथे उभी राहते ती तिची किंमत. आता हे बघा, इंग्रजीतला ‘कॉस्ट’ येतो लॅटिनमधल्या कोन्स्तारे वरून आणि त्यात पण उभं राहणंच आहे. अरबांचा आणि रोमनांचा एकमेकांशी संबंध नाही ह्या बाबतीत, तरी दोघांनाही किंमत उभी दिसली. मराठी माणसाला मात्र ती कधीच उभी दिसत नाही. हा शर्ट केवढ्याला ‘पडला’? रिक्षाला दोनशे ‘बसले’. दंड बसला, फटका बसला, भुर्दंड बसला. महागात पडलं. आपल्याकडे किंमत एकतर पडते नाहीतर आपल्या डोक्यावर येऊन बसते.

आता मला तुम्हाला माठाची गोष्ट सांगायची आहे. काही जणांनी ऐकली असेल, त्यांनी परत ऐकावी.

१९८४ साल. मी एका तालुक्याच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक, नवीन लागलेला. कुठली कचेरी ते सांगत नाही, हयात आहेत लोक. आमच्याकडे एक हेड होतं ‘सादिलवार’. शाळामास्तर असतील इथे कोणी तर त्यांना माहीत आहे, सादिल म्हणजे खडू, झाडू, शाई, पोस्टाची तिकिटं, किरकोळ जे काही. आम्ही सगळे सादिल सादिल करायचो आणि अर्थ एकालाही ठाऊक नव्हता, मला वाटायचं ‘साधं’ वरून असेल, साधा खर्च. तर तसं नाही. तो मुळात ‘सादिर वारिद’ आहे. सादिर म्हणजे निघणारा, वारिद म्हणजे येणारा. गावात येणाऱ्याजाणाऱ्यांचा, आल्यागेल्याचा जो वरखर्च तो सादिर वारिद, आणि बोलता बोलता त्याचा सादिलवार झाला. म्हणजे पुन्हा तेच, दार आणि त्यातून येणारे जाणारे.

एप्रिल महिना, ऊन कडक, कचेरीत पाण्याची सोय नाही. हेडक्लार्क म्हणाले बाजारातून एक माठ आण. मी आणला, चौदा रुपयांना, पावती घेतली, व्हाउचर केलं, सादिलला टाकला. कॅशबुक बंद. मे महिन्यात माठ फुटला. माठ आहे, फुटणारच. नवीन आणला. आणि पुढच्या वर्षी आलं ऑडिट. ऑडिटरसाहेबांनी अख्ख्या वर्षाच्या लाखांच्या व्हाउचरांवरून नजर फिरवली आणि बोट नेमकं माठावर ठेवलं. म्हणाले माठ सादिलमध्ये कसा? माठ ही जडवस्तू आहे. डेडस्टॉक, टिकाऊ सामान. त्याची नोंद जडवस्तूसंग्रह नोंदवहीला पाहिजे. मी म्हटलं साहेब, मातीचा आहे. ते म्हणाले खुर्ची लाकडाची असते म्हणून ती झाडूत धरता का? बरोबर होतं त्यांचं एका अर्थी. मग प्रश्न आला की जडवस्तू असेल तर दाखवा कुठे आहे. म्हटलं फुटला. म्हणाले मग निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करायचा, प्रस्ताव कुठे?

तर मंडळी, चौदा रुपयांच्या फुटलेल्या माठाचा निर्लेखन प्रस्ताव मी तयार केला, तीन प्रतीत, कार्बन लावून. त्याला वरून पत्र आलं, ‘माठ कोणी फोडला याचा खुलासा करावा’. आम्ही लिहिलं ‘सदर माठ फुटला असून’. परत पत्र, ‘फुटला म्हणजे कोणाच्या हातून फुटला’. आमच्या हेडक्लार्कांनी, देव त्यांचं भलं करो, काय लिहावं? ‘सदर माठ आपोआप फुटला आहे.’ (हशा) ह्याच्यावर जे पत्र आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, त्यात एकच ओळ होती, ‘माठ आपोआप फुटत नाही’. आणि खाली शेरा, रक्कम वसूलपात्र. शिपाई म्हणाला मी नव्हतो, हेडक्लार्क म्हणाले मी रजेवर होतो, आणि व्हाउचरवर सही माझी. चौदा रुपये मी भरले. तेव्हा चौदा रुपये म्हणजे चौदा रुपये होते.

घरी आलो, रोजच्या वहीत लिहायला बसलो, आणि लिहिलं काय, ‘माठाचे १४ रु. गेले’. लिहिलं आणि थांबलो. गेले? पाय फुटले का त्यांना? मी दिले होते की, हातानं मोजून. जे वाक्य साहेबांना चाललं नाही तेच मी माझ्या वहीत माझ्याशीच लिहीत होतो. माठ फुटला, पैसे गेले. त्या दिवसापासून हा किडा डोक्यात आहे. नंतर मी आमच्या सगळ्या जुन्या वह्या काढून बघितल्या. पुस्तकं घेतली तिथे माझ्या अक्षरात ‘पुस्तकांना लागले’. पानाच्या ठेल्याचे ‘किरकोळ झाले’. आणि त्याच पानावर बायकोच्या साडीसमोर? ‘साडी – हिने घेतली’. चाळीस वर्षांच्या वह्यांमध्ये कर्ता एकदा दिसला आणि तो पण ही! (हशा) ती इथे बसली आहे, घरी गेल्यावर मला काय बसणार आहे ते मला माहीत आहे.

मध्येच एक सांगून टाकतो, राहून जाईल. सरकारी ‘अंदाजपत्रक’. अंदाज हा फारसी अंदाख्तन वरून, म्हणजे टाकणं, फेकणं. तिरंदाज, तीर टाकणारा. गोलंदाज, आधी तोफेचा गोळा टाकणारा आणि आता चेंडू. तर अंदाज म्हणजे सुद्धा टाकणंच, नजर टाकून किती ते बघणं, आणि अंदाजपत्रक म्हणजे शब्दशः फेकाफेकीचा कागद. मी पंचवीस वर्षं ती केली आहेत, मला विचारा. आणि ‘बजेट’ जुन्या फ्रेंचमधल्या चामड्याच्या छोट्या पिशवीवरून आलाय, म्हणून आपले अर्थमंत्री इतकी वर्षं हातात चामडी बॅग घेऊन फोटो काढायचे. २०१९ साली निर्मला सीतारामन यांनी बॅग सोडून लाल कापडातली वही आणली आणि २०२१ ला टॅब. शब्दातली पिशवी गेली, शब्द राहिला.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’. आत्ता कुठे सुरुवात झाली होती हो. बरं, पळतो.

मुद्दा असा. मराठीत स्वतःचा खर्च सांगताना आपण कर्ता गायब करतो. पैसे गेले, लागले, झाले, पडले, बसले, सुटले, संपले. खर्च आला. पण दुसऱ्याचा खर्च सांगताना कर्ता ताबडतोब हजर. त्यानं पैसे उडवले. पोरानं उधळले. कंत्राटदारानं खाल्ले. उडवणे, उधळणे, फुंकणे, खाणे ही सगळी क्रियापदं दुसऱ्यासाठी राखीव आहेत, ‘मी काल पाचशे रुपये उधळले’ असं कोणी सरळ तोंडानं म्हणत नाही. उलट कमावताना बघा, तिथे मी आहे. मी कमावले, मी साठवले, मी पै पै जोडली, आणि ती पै म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग, १९५७ ला दशमान पद्धत आल्यावर हिशेबातूनही गेली ती, पण जोडणारा अजून जोडतोच आहे. मिळवताना मी, घालवताना ते आपले आपण जातात.

काय म्हणालात? ‘पैसे मोजले’ म्हणतो की आपण. बरोबर आहे, चांगला प्रश्न, पण कधी म्हणतो? दुकानदाराशी भांडताना. ‘रोख पैसे मोजलेत, फुकट नाही घेतलं!’ म्हणजे हक्क सांगायचा असेल तेव्हाच आपण कर्ता व्हायला तयार. ‘भरले’ पण तसंच, फी मी भरली, बिल मी भरलं, त्यात थोडा उपकार असतो.

आणि हे काही नवीन नाही. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली असं सांगतात, १४ जानेवारी १७६१ नंतरची गोष्ट. दोन मोत्यं गेली, इतक्या मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. खुर्दा म्हणजे सुटी नाणी, इथे साधे शिपाई, आणि ते तर मोजलेले पण नाहीत. बातमी सांगायला माणसाला हिशेबाची भाषाच सापडली आणि त्या भाषेत कोणी घालवलं नाही, सगळं गेलं. अजून आपण म्हणतो ना, लढाईत माणसं ‘खर्ची पडली’. पडली. पाडली नाही. इथे मला खरं तर पंधरा मिनिटं बोलायचं होतं.

उरलेले शब्द एका दमात. ‘उधार’ हा संस्कृत ‘उद्धार’च आहे, वर उचलून काढणं, वाण्याकडून उधार घेतो आणि तो महिन्याच्या शेवटी आपला उद्धार करतो. ‘दाम’ ग्रीकांच्या द्राख्मे वरून, संस्कृतात द्रम्म झाला मग दाम, म्हणून दमडी, छदाम, दामदुप्पट हे सगळे लांबचे ग्रीक पाहुणे. ‘महाग’ म्हणजे महार्घ, अर्घ म्हणजे मोल. त्याच्या उलट समर्घ, त्याचं मराठीत ‘सवंग’ झालं, सवंग म्हणजे नुसतं स्वस्त, धान्य सवंग झालं तर आनंदाची गोष्ट, आता फक्त लोकप्रियता सवंग असते. ‘कृपण’ आणि ‘कृपा’ एकाच घरातले, कृपण म्हणजे आधी कीव येण्यासारखा, चिक्कू नंतर, गीतेत ‘कृपणाः फलहेतवः’ आहे तिथे चिक्कू म्हणायचं नाहीये. मोल आलं मूळ वरून आणि भाव तर तुम्हाला माहीतच आहे, देवळात पण भाव, मंडईत पण भाव, शब्द एकच.

ताईंचा हात वर आहे, शेवटचा प्रश्न. हां, फोनवरून पैसे देतो त्याचं काय म्हणायचं. तुम्ही काय म्हणता? ‘पैसे कट झाले.’ बघा! बोटानं नंबर मी टाकला, पिन मी टाकला, आणि पैसे कट झाले. इंग्रजी शब्द घेतला आणि त्याला पण आपल्या वळणावर बसवलं. मेसेज पण तसाच येतो, आपल्या खात्यातून अमुक रक्कम डेबिट झाली आहे. माठ आपोआप फुटला आहे.

कार्यवाह व्हाउचर घेऊन आले आहेत सहीला. थांबा, चष्मा लावतो. आधी ह्याला ‘बिदागी’ म्हणायचे, निरोपाच्या वेळी द्यायचे म्हणून, आता मानधन. तपशील काय लिहिलाय... ‘किरकोळ खर्च: काडेपेटी एक, व्याख्याते एक.’ (हशा) नाही नाही, बरोबर आहे, हेड बरोबर आहे. स्टॅम्प कुठे लावू? लागत नाही, पाच हजारांच्या वर असतं तर लागला असता.