प्लग आहेत का जास्तीचे?

मे 1930. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या जवळ, समुद्राकाठी, अबुकीर नावाचं ब्रिटिश हवाई दलाचं विमानतळ. तिथे 17 वर्षांचा एक पारशी पोरगा अडकून पडलाय. सतरा! आपल्याकडे या वयात स्कूटीची चावी मागितली तरी घरात सभा भरते, आणि हा लंडनहून एकटा कराचीला निघालाय, तेही जिप्सी मॉथ नावाच्या विमानातून, ज्याला एकावर एक असे दोन पंख, पंखांवर ताणून बसवलेलं कापड, डोक्यावर छप्पर नाही, रेडिओ नाही, आणि चाकांना ब्रेकसुद्धा नाहीत.

पोराचं नाव ॲस्पी इंजिनिअर. त्याच वर्षी मार्चमध्ये तो आणि आर. एन. चावला असे दोघं मिळून भारतातून इंग्लंडला विमान उडवत गेले होते, तोवर कुठल्या भारतीयाने हे केलं नव्हतं. आता परतीला एकटा निघालाय कारण समोर बक्षीस आहे. इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान यांनी जाहीर केलेलं, 500 पौंड. अट अशी की भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत, कुठूनही निघा, पण एकट्याने आणि एका महिन्याच्या आत, आणि जो पहिला भारतीय हे करेल त्याचे पैसे.

तीन जण उतरले. एक हा ॲस्पी. दुसरे मनमोहन सिंग (नाही हो, ते नाही, हे वेगळे, रावळपिंडीचे). आणि तिसरे मुंबईचे, वय 25, जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेले, 1929 च्या फेब्रुवारीत भारतातलं 1 नंबरचं पायलट लायसन्स मिळवलेले जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. आपले जेआरडी.

आता नकाशावर बघा काय गंमत आहे. ॲस्पी लंडनहून कराचीकडे येतोय आणि जेआरडी कराचीहून लंडनला चाललेत. म्हणजे शर्यत एकच, पण दोघं समोरासमोरून येतायत, आणि रस्ता म्हणाल तर इराणचा किनारा, इराकचं वाळवंट, इजिप्त, भूमध्य समुद्र, ठरलेलाच, कारण पेट्रोल मिळेल अशा जागाच मोजक्या. त्यामुळे मध्ये कुठेतरी गाठ पडणार हे जवळपास नक्की होतं. ती पडली अबुकीरला.

जेआरडी उतरतात तर ॲस्पी तिथेच बसलेला. का, तर स्पार्क प्लग. ज्यांनी जुनी चेतक किंवा लूना चालवलीय त्यांना हे समजवायला नको, प्लगवर काजळी धरली की ठिणगी पडत नाही, मग काढा, पॉलिश पेपरने घासा, फुंकर मारा, परत लावा, आणि तरी नाही झालं तर नवा घ्या. पण स्कूटर बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लागते, विमान बंद पडलं तर कडा नसते. जिप्सी मॉथच्या इंजिनाला चार सिलेंडर, प्रत्येकाला दोन प्लग. आणि या पठ्ठ्याने जास्तीचे प्लग बरोबर घेतलेच नव्हते.

जेआरडींनी घेतले होते. त्यांनी त्यातले काढून ॲस्पीला दिले.

झालं. एवढीच गोष्ट, दोन मिनिटांत संपणारी, आणि दोघं आपापल्या दिशेने उडून गेले. खरं सांगू का, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे खिसे चाचपडल्यासारखं केलं असतं आणि पुढे गेलो असतो. ॲस्पी 11 मे ला कराचीला पोचला आणि बक्षीस त्याने जेआरडींपेक्षा काही तासांच्या फरकाने जिंकलं. मनमोहन सिंग पण पोचले होते, पण त्यांना महिन्यापेक्षा जास्त वेळ लागला म्हणून ते बाद.

पुढे ॲस्पी हवाई दलात गेला, आणि 1960 साली भारताचा हवाई दलप्रमुख झाला. त्या विजयामुळे त्याला हवाई दलात जायला मदत झाली, म्हणून तोच जिंकला ते बरं झालं असं जेआरडी नंतर सांगायचे. मला यात मोठेपणा वगैरे कमी आणि सवय जास्त दिसते. छोटं विमान उडवणाऱ्या माणसाला पक्कं माहीत असतं की आज हा अडकलाय, पुढच्या आठवड्यात बसरा नाहीतर बगदादला मी अडकणार, आणि तिथे टाटा आडनाव काही कामाला येणार नाही, कुणाच्या तरी पिशवीतला प्लगच येईल.

टाटांची विमान कंपनी सुद्धा अशाच एका दोस्तीतून उभी राहिली बरं का. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी पायलट भारतभर छोटं विमान घेऊन फिरत होता, गावोगावी लोकांना पैसे घेऊन आकाशात एक चक्कर मारून आणायचा, म्हणजे जत्रेतल्या पाळण्याचाच धंदा पण जरा उंचावरून. त्याची आणि जेआरडींची ओळख झाली आणि टपाल विमानाची कल्पना त्याने पुढे आणली. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडींनी पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं आणि तिथून पुढे मद्रासकडे व्हिन्सेंट घेऊन गेला. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग दोन विमानं, तीन पायलट, तीन मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला, येरवडा जेलच्या सावलीतल्या एका मैदानावर. पुणेकरांनो, पुढच्या वेळी त्या बाजूने गेलात तर वर बघा जरा.

हीच एकमेकांना हात देण्याची सवय आजही बघायची तर आता तिथून थेट अमेरिकेत जाऊया, विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावात. 1953 साली पॉल पोबरेझ्नी नावाच्या माणसाने मिलवॉकीत घरी विमान बांधणाऱ्या लोकांचा एक क्लब काढला, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. त्यांचा वार्षिक मेळावा 1970 पासून ऑशकॉशला भरतो, जुलैच्या शेवटी, एक आठवडा. गेल्या काही वर्षांत 6 लाखांच्या वर माणसं आणि 10,000 च्या वर विमानं येतात. वारी म्हणा हवं तर, फक्त आकाशातून. त्या आठवड्यात तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात बिझी टॉवर असतो.

इतकी विमानं उतरवायची कशी? तर रिपन गावावरून रेल्वेचे रूळ पकडायचे, एकामागे एक, 1,800 फूट उंची, 90 नॉट (म्हणजे ताशी साधारण 167 किलोमीटर) वेग, पुढच्यापासून अर्धा मैल अंतर, आणि फिस्क नावाच्या छोट्या वस्तीवर यायचं. तिथे जमिनीवर कंट्रोलर दुर्बिणी घेऊन बसलेले असतात. ते तुमचं नाव विचारत नाहीत, विमानाचा नंबर पण नाही, नुसतं रंग आणि पंख बघून सांगतात की ए पांढऱ्या सेस्ना, पंख हलव. तुम्ही रेडिओवर उत्तर द्यायचं नाही, बोलायचंच नाही, फक्त पंख डावी-उजवीकडे झुलवायचे. कळलं. पुढे जा. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके काढलेले असतात, तुला हिरवा, मागच्याला नारंगी, आणि एकाच पट्टीवर एकापाठोपाठ विमानं उतरत राहतात.

उतरलं की विमानाच्या पंखाखालीच तंबू ठोकायचा. शेजारी कोण हे नशिबावर. कुणी निवृत्त शिक्षक असतो, कुणी शेतकरी, कुणी डॉक्टर, आणि सकाळी कॉफीच्या वेळेला तुमचं कव्हर उघडून इंजिनात डोकं घालून उभे असतात, न विचारता. विमान बांधताना पण हे एकट्याचं काम नसतंच. पत्र्याला रिव्हेट (पत्रे जोडणारा धातूचा खिळा) मारायचा तर बऱ्याच ठिकाणी एक जण बाहेरून रिव्हेट गन धरतो आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, आणि असे हजारो रिव्हेट. दुसरा हात नसेल तर पंख अर्धाच. आपल्याकडे कांदिवलीच्या अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, 2016 मध्ये ते मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. गच्चीवर! आपल्या सोसायटीत पाण्याची टाकी बदलायची तर मीटिंग लागते.

आणि ज्यांना स्वतः आत बसायचं नाही, किंवा परवडत नाही, ते मॉडेल जेटकडे वळतात, म्हणजे जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं छोटं जेट विमान. परवडतं म्हणजे तेही स्वस्त नाहीच. खेळणं समजू नका, आत खरं टर्बाइन असतं, मिनिटाला 1 लाखाच्या वर फेरे, केरोसीनवर चालणारं, त्यात साधारण 5 टक्के टर्बाइन ऑइल मिसळलेलं, कारण बेअरिंगला वंगण त्याच इंधनातून मिळतं. 1990 च्या आसपास जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी घरी बनवता येईल असं टर्बाइन केलं, ज्याचं कॉम्प्रेसर चाक (आत येणारी हवा दाबणारं) प्लायवूडचं, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं. लाकडी चाक, जेट इंजिनात! तिथून हा छंद गॅरेजमध्ये शिरला.

हे उडवायला पण दोघं लागतात. पायलटची नजर विमानावरून हलू शकत नाही, एवढंसं विमान ताशी 300 किलोमीटरने चाललेलं असतं, पापणी लवली की ठिपका. म्हणून शेजारी स्पॉटर उभा राहतो. तो कानाशी बोलत असतो, डावीकडून दुसरं येतंय, वारा फिरला, सहा मिनिटं झाली, चाकं काढ. चाकं काढ हे तर दोनदा सांगायचं. टर्बाइन थ्रॉटलला लगेच ऐकत नाही, फेरे वाढायला दोन-तीन सेकंद घेतं, त्यामुळे उतरताना कमी पडलो असं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ते स्पॉटरला आधी दिसतं. सुरू करताना तोच अग्निशामक सिलिंडर धरून मागे उभा असतो. चांगला स्पॉटर मिळाला की लोक त्याला सोडत नाहीत, लग्नाच्या तारखा मेळाव्याच्या तारखा बघून ठरवतात म्हणे.

परदेशी मेळाव्याला जायचं तर खरी कसरत सुरू होते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिनमध्ये घ्यायच्या, आणि 100 ते 160 वॉट-अवरची असेल तर एअरलाइनची परवानगी. इंधन तर न्यायचा प्रश्नच नाही. वापरलेल्या टर्बाइनला केरोसीनचा वास असेल तर काउंटरवर अडवतात, म्हणून टाकी आणि नळ्या धुऊन, वाळवून, दिवसभर उन्हात ठेवून मग पॅकिंग. सिक्युरिटीवाला विचारतो हे काय, आणि तुम्हाला सरळ चेहऱ्याने सांगावं लागतं की जेट इंजिन आहे. तिथे उतरल्यावर केरोसीन कुणाचं, चार्जर कुणाचा, जादा सर्वो मोटर (पंखाच्या झडपा हलवणारी छोटी मोटर) कुणाची, सगळं तिथल्या ओळखीच्या माणसाचं, ज्याला तुम्ही कदाचित आधी कधी भेटलेला पण नसता. पंखांचं खोकं टॅक्सीत मावत नाही म्हणून तो व्हॅन घेऊन विमानतळावर येतो, आणि परत निघताना काही जण मॉडेल त्याच्याच गॅरेजमध्ये टांगून येतात, पुढच्या वर्षी येणारच आहोत तर दरवेळी ने-आण कोण करणार.