केसाएवढी फट

(पडद्यावर: शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. मधोमध सेंटर पंचचा एक ठिपका.)

एका मोडक्या यंत्राच्या चौकटीतून कापून काढलेला हा तुकडा. एका अंगाला जुन्या रंगाचे डाग, कोपऱ्याला पोचा. वजन 50 ग्रॅम. थोड्या वेळात याच्या पोटात लेझर बसणार आहे आणि हा त्याचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातू, होणार आहे.

लेझर डायोड, म्हणजे विजेपासून लेझरचा किरण तयार करणारा भाग, दिसायला अगदीच किरकोळ. बाहेरची टोपी धरून 5.6 मिलिमीटर. पण निळ्या, 445 नॅनोमीटरच्या एका डायोडचा हिशेब मांडून बघा. साडेचार व्होल्ट आणि 1.2 अँपियर, म्हणजे आत गेले 5.4 वॅट. प्रकाश होऊन बाहेर आले दीडच्या आसपास. बाकीचे जवळजवळ चार वॅट म्हणजे नुसती उष्णता, आणि ती तयार होते मोहरीच्या दाण्याहून लहान चिपमध्ये. चिप तापली की तेवढ्याच करंटला उजेड कमी पडतो आणि डायोडचं आयुष्य घटतं. लाल डायोडचा तर रंगही सरकतो, दर अंशाला सुमारे 0.2 नॅनोमीटर.

दुखणं जुनंच आहे. 1962 साली पहिले डायोड लेझर चालले ते द्रव नायट्रोजनच्या थंडीत, उणे 196 अंशांना. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा डायोड लेझर यायला 1970 उजाडलं.

आपल्या ठोकळ्याकडे वळू. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला 0.9 ज्यूल लागतात. म्हणजे या 50 ग्रॅमच्या तुकड्याला 45. चार वॅटने तो अकरा-बारा सेकंदांत एक अंश चढेल, मिनिटाला पाच. मिनिटभर लेझर लावून बंद करणार असाल, तर ना पंखा हवा ना पाती. तासभर चालवायचा असेल, तर जुन्या संगणकाच्या प्रोसेसरवरचा पातीदार हीटसिंक करवतीने कापून ठोकळ्याला जोडा.

तांबं की ॲल्युमिनियम, यावर हौशी मंडळी हिरिरीने भांडतात. तांब्याची उष्णतावाहकता 400 च्या घरात, ॲल्युमिनियमची त्याच्या निम्मी, पितळेची त्याहून कमी. आकडे खरे आहेत. पण तांब्यात भोक पाडताना ड्रिल कसं अडकतं, ते एकदा अनुभवा. मी तरी ॲल्युमिनियमच घेतो. खरी उष्णता अडते ती दुसऱ्याच ठिकाणी.

(पडद्यावर: भोकात सैल हलणारं मॉड्यूल, अगदी जवळून.)

डायोड ज्या नळीत बसतो ते मॉड्यूल 12 मिलिमीटर व्यासाचं, 20 मिलिमीटर लांब. समजा भोक 12.2 चं झालं. सगळ्या बाजूंनी 0.1 मिलिमीटर फट, जेमतेम केसाएवढी. तीत हवा. या हवेच्या पापुद्र्यातून चार वॅट पलीकडे जायचे, तर मॉड्यूल ठोकळ्यापेक्षा वीस अंश जास्त तापतं. तीच फट साध्या थर्मल पेस्टने, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाने, भरली, तर फरक अर्ध्या अंशावर येतो.

माझ्या पहिल्या ठोकळ्यात हातड्रिल डगमगलं आणि भोक अर्ध्या मिलिमीटरने ढगळ झालं. एका स्क्रूने मॉड्यूल टेकवलं आणि लेझर लावला. उजेड मंदावत गेला, ठोकळा मात्र हाताला गार! मी खूश, म्हटलं काय झकास हीटसिंक झालाय. उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, हे डायोड मेल्यावर कळलं.

तेव्हापासून भोक टप्प्याटप्प्याने मोठं करतो. आधी 3, मग 6, 9, शेवटी 12. ॲल्युमिनियमला रॉकेलचे दोन थेंब, म्हणजे चिकटत नाही. मग करवतीने ठोकळ्याच्या कडेपासून भोकापर्यंत एक चीर, आणि चिरेला आडवा 3 मिलिमीटरचा स्क्रू. स्क्रू आवळला की ठोकळा मॉड्यूलला मिठी मारतो. भोक थोडं मोठं झालेलं असलं तरी चालून जातं.

पकड तपासायला मॉड्यूलवर मार्करने काळं फासा, आत घाला, आवळा, गोल फिरवून काढा. शाई जिथे पुसली गेली तिथे धातू धातूला लागलाय. काळा पट्टा राहिला असेल, तर भोकाच्या कडेचा बर्र, म्हणजे ड्रिलने उचललेली धातूची धार, कानशीने काढा आणि पुन्हा बघा.

(पडद्यावर: रिकाम्या नळीत पेस्टमध्ये बसवलेला रेझिस्टर (वीज दिली की नुसता तापणारा भाग), बाहेर दोन वायरी.)

डायोड अजून डबीतच. आधी नळीत 10 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर घालून 6 व्होल्ट देऊ. म्हणजे 3.6 वॅट उष्णता आणि किरण अजिबात नाही. एक तापमापक मॉड्यूलला, एक ठोकळ्याला. दहा मिनिटं थांबू. दोन्ही आकड्यांत एक-दोन अंशांचा फरक असेल तर पकड जमली. पंधरा-वीसचा असेल, तर पुन्हा शेगडा.

आणखी एक. काही डायोडची एक पिन टोपीला जोडलेली असते, म्हणजे ठोकळ्यातही करंट येतो. मल्टीमीटर लावून बघा आणि ठोकळा उघड्या तारांपासून लांब ठेवा.

(पडद्यावर: तापमापक 41 आणि 42 दाखवताहेत.)

रेझिस्टर बाहेर. पेस्टचा पातळ हात फिरवून डायोडचं मॉड्यूल आत. स्क्रू आवळला. हा दीड वॅटचा किरण 500 मिलिवॅटच्या वरचा, म्हणजे लेझर-सुरक्षेच्या चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गातला. नुकत्याच कानस मारलेल्या चकचकीत धातूवरून तो उलटला तरी डोळा जाऊ शकतो. म्हणून 445 नॅनोमीटर अडवणारा चष्मा आधी डोळ्यांवर, ठोकळ्याचा दर्शनी भाग काळ्या मार्करने रंगवलेला, समोर विटेचा तुकडा.

स्विच.