पंधरा खोके, एकदम ओके?

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण, थोडं काटछाट करून)

नमस्कार मंडळी. जेवण झालंय, श्रीखंड झालंय, आणि माझ्यानंतर नाटक आहे, त्यामुळे मला ऐकायला कोण बसलंय आणि पुढच्या रांगेतली जागा धरून कोण बसलंय ते मला इथून बरोबर दिसतंय. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ मिळाला, त्यामुळे तक्रार नाही. विषय माहितीच आहे, मुलांना इथे मेडिकलला जायचं असेल तर अभ्यास सोडून बाकीचं काय करायचं आणि त्यातलं काय निवडायचं. मघाशी वाढपाच्या रांगेत एका काकांनी विचारलं, "डॉक्टर, तबला चालेल का?" काका, उत्तर शेवटी देते, तेवढ्यासाठी तरी बसा.

आता आपली पंचाईत काय आहे बघा. मी पुण्यात एमबीबीएस केलं, तेव्हा बारावीचे पीसीबीचे मार्क, विषय संपला. आज तिकडे नीट आहे, 720 मार्कांची, तिथेही तुम्ही संध्याकाळी काय करता हे कुणी विचारत नाही. आणि तरी गंमत अशी की आपल्याकडे डॉक्टर आणि नाटक हे समीकरण किती जुनं! श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे, तिघेही बी. जे. मेडिकलचे. यांच्यापैकी कुणीही अर्जात लिहायला मिळेल म्हणून नाटक केलं नाही, कारण अर्जात ते लिहायला जागाच नव्हती! इथे जागा आहे, आणि जागा दिसली की आपला माणूस ती भरतो, रेल्वेत रुमाल टाकल्यासारखी.

तर जागा किती? ॲमकास म्हणून इथल्या मेडिकल कॉलेजांचा जो सामाईक अर्ज असतो त्यात अशा अनुभवांचे जास्तीत जास्त पंधरा खोके. (हशा) हसा, हसा, पण एकदम ओके नसतं ते. एका खोक्यात 700 अक्षरं, रिकाम्या जागा धरून. त्यातले तीन तुम्ही सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे, त्यांना आणखी 1325 अक्षरं मिळतात. 2023 सालच्या प्रवेशाला साडेबावन्न हजारांच्या आसपास अर्जदार होते आणि जागा मिळाली ती जवळपास 23 हजारांना. मार्क सगळ्यांचेच बरे असतात हो. मी काही वर्षं एका मेडिकल स्कूलच्या मुलाखतींना बसायचे, कुठल्या ते सांगणार नाही, तिथे दुपारी तीनच्या सुमाराला सहावा संस्थापक समोर यायचा. सोळाव्या वर्षी संस्था काढलेला. वेबसाइट आहे, लोगो आहे, कार्यकारिणीत दोन मित्र आणि सख्खी बहीण. मी विचारायचे, आता संस्था कोण बघतं? शांतता. बहीणसुद्धा कॉलेजला गेलेली असते ना.

बरं, आता माझ्या भाच्याची गोष्ट. त्याला विचारून सांगतेय, आणि त्याची आई आज आलेली नाही, म्हणून मोकळेपणाने सांगते. इथे मेडिकलच्या आधी चार वर्षं कॉलेज करावं लागतं, त्यातल्या दुसऱ्या वर्षानंतर आमच्या भाओजींनी ठरवलं की याला इंडियात मेडिकल मिशनला पाठवायचं. मिशन कसलं, माझ्या मैत्रिणीचं कोकणात वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, तिथे सोळा दिवस. चौथ्या दिवशी मैत्रिणीचा फोन, इथे पहाटेचे साडेतीन. "अगं, तुझे भाओजी म्हणतायत पोराला दोन टाके घालू द्या, अर्जाला बरं पडेल. घालू देऊ का?" मी अशी ओरडले की आमचा कुत्रा उठला. अहो, इथे त्याला कुणी पट्टी तरी बदलू देईल का? मग तिकडच्या म्हातारीची कातडी काय प्रॅक्टिसला ठेवलीय? इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने यावर 2011 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात, प्रशिक्षण नसलेल्या मुलांनी परदेशात जाऊन रुग्णांवर हात चालवायचा नाही म्हणून. तुम्ही अभिमानाने लिहिता आणि प्रवेश समितीतला माणूस ते वाचून कपाळाला हात लावतो.

मैत्रीण शहाणी. तिने त्याला केसपेपरच्या खिडकीत बसवलं, तिथल्या मावशींच्या शेजारी. याचं मराठी म्हणजे "आजी, तुमी कुठे दुखतंय?" लोक हसायचे, सुधारून द्यायचे, आणि मग बोलायचे. तिथे त्याने एक गोष्ट पाहिली, रक्त तपासायला किती लागतील असं विचारून, आकडा ऐकून, केसपेपर घडी करून खिशात घालून निघून जाणारी माणसं. मावशींना अशी माणसं लांबून ओळखू यायची, त्या हाक मारून परत बोलवायच्या, म्हणायच्या आधी आत जा, पैशांचं नंतर बघू. हे त्याने मला गणपतीत जेवता जेवता सांगितलं. आणि अर्जात काय लिहिलं? वंचितांना सेवा पुरवली. गळ्यात स्टेथोस्कोप. मावशी गायब!

आणखी एक. हा पोरगा तीन उन्हाळे गावच्या पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड होता. पगारी नोकरी. ते काढून टाकलं, का तर "ते मेडिकल नाही". अरे! तीन उन्हाळे दुसऱ्यांच्या पोरांवर डोळा ठेवून बसलास, एकदा एकाला बाहेर काढलंस, आणि त्याच्या जागी काय लिहिलंस, तर दोन दिवसांची ऑनलाइन लीडरशिप परिषद. पहिल्या वर्षी एकही मुलाखत आली नाही. मग त्याने एक वर्ष इमर्जन्सीत स्क्राइबची नोकरी केली, डॉक्टर बोलणार आणि हा टाइप करणार, आणि दुसऱ्या वेळच्या अर्जात तलाव आला, मावशी आल्या. प्रवेश मिळाला. आता मी म्हणेन माझ्या सल्ल्याने मिळाला, पण त्याचा एमकॅटचा, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअरही सहा मार्कांनी वाढला होता, तेव्हा...

काय? दहा मिनिटं? अहो, मुद्दा तर आत्ता सुरू होतोय. सेट लावायचाय म्हणे. बरं, भरभर सांगते.

माझी कसोटी एकच. पोर एखाद्या शनिवारी गेलं नाही तर तिथे कुणी विचारतं का, आज का नाही आला? विचारत असतील तर ते ठेवा, नसतील तर सोडा. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे, दर आठवड्याला एकाच आजोबांना पेपर वाचून दाखवणारी मुलगी मला अजून आठवते, पंधरा क्लबांची सदस्य असलेली एकही आठवत नाही. पेशंटच्या जवळ जाणारं एक काम हवंच, आपल्या राज्यात कितीतरी गावांचे फर्स्ट एड स्क्वाड, म्हणजे ॲम्ब्युलन्सची पथकं, स्वयंसेवकांवर चालतात, ईएमटीचं, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करण्याचं, शिक्षण घ्या आणि रात्रीच्या पाळ्या करा. पेशंटशी संबंध नसलेली सेवा एक, गरजूंना धान्य वाटणारी फूड पँट्री, शिकवणी, काहीही, पण वर्षभर तरी. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं, ते माझ्या मते पन्नासेक तास पुरे, आणि तीनशे तास स्वतःच्या बाबांच्याच क्लिनिकमध्ये केलेत तर कृपा करून मिरवू नका. संशोधन आवडत असेल तर करा, एमडी-पीएचडी या डॉक्टरकी आणि संशोधनाच्या जोड पदवीला पाहिजेच, बाकीच्यांनी बळंच उंदीर मारू नयेत. नोकरी केली असेल तर लाजू नका, लिहा, मॉलमधली असली तरी. पंधराच्या पंधरा खोके भरलेच पाहिजेत असं कुठेही नाही. आणि तास आजपासून वहीत लिहा, प्रत्येक कामासाठी एका माणसाचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, चार वर्षांनी तो माणूस शोधत फिरू नका.

नववीतल्या मुलांच्या आयांनो, तुम्ही पेन खाली ठेवा. या अर्जात बघतात ते मुख्यतः कॉलेजपासूनचं, शाळेतलं पुढे चालू राहिलं असेल तर ठीक. बीएस-एमडीचं, म्हणजे शाळेनंतर लगेच कॉलेज आणि मेडिकल दोन्हीला एकदम प्रवेश मिळतो त्याचं, वेगळं, ते चहाला विचारा.

हो हो, उठतेच आहे. काका, तबला! चालतो, छंदाचा आणि कलेचा वेगळा प्रकारच आहे त्या अर्जात. पण त्याला तो आवडतो का हे मला विचारू नका, त्याला विचारा. तो बघा, मागच्या रांगेत बसलाय, मघापासून बोटांनी खुर्चीवर तीनताल वाजवतोय आणि शेजारच्या ताई त्याला गप्प बस म्हणतायत.